मधनं उठायचं न्हाई

त्याने माझ्या पायरीवर पहिल्यांदा बसकण मारली तेव्हा आत एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग चालू होतं. दर गुरुवारी शिरगावला पायी जाणाऱ्या आठ बायका, दोन टाळ आणि एक पेटी. दारावर ‘बेल वाजवू नये’ अशी पाटी आहे. त्याने वाजवली नाही. दीड तास तसाच बसून राहिला. बायका बाहेर पडल्या तशी त्यातल्या एकीला तो म्हणाला, “मावशी, तिसऱ्या भजनात तुमी मधनं उठला. बरं न्हाई केलं.”

ती खरोखरच उठली होती, पाणी प्यायला. ते कडवं मला पुन्हा घ्यावं लागलं होतं. बंद दाराबाहेर बसून ह्याला ते कसं कळलं, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. काही गोष्टींची उत्तरं मिळाली की मजा जाते.

तळेगाव स्टेशनजवळ घराच्या मागच्या खोलीत मी रेकॉर्डिंगचं काम करते. तीस वर्षं होत आली. मंगलाष्टकं, शाळांची संमेलनं, भाजीच्या टेम्पोवरच्या आरोळ्या, वराळ्यात उभ्या राहणाऱ्या नव्या सोसायट्यांच्या जाहिराती, सगळं माझ्या कानाखालून गेलेलं आहे. ‘प्रशस्त दोन बेडरूम, डोंगराचं दर्शन’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणेन. माझा कान तयार आहे असा माझा समज आहे आणि तो मी कुणापासून लपवत नाही. ह्या समजाची जी काही फजिती झाली ती ह्याच माणसामुळे.

“मला एक गोष्ट भरायचीय,” तो म्हणाला.

“कथाकथन का?”

“न्हाई. रॅप. धा टप्पं हायेत. समदी मिळून एकच गोष्ट.”

पस्तिशीच्या आसपासचं वय, उन्हाने करपलेला चेहरा, पायात रेल्वेचे जाड बूट. तो लोणावळ्याला रेल्वेत कीमॅन होता, अजूनही आहे. कीमॅन म्हणजे रोज सकाळी ठरलेल्या टप्प्यात रुळावरून चालत जाणारा माणूस. रुळाला त्याच्याखालच्या आडव्या स्लीपरशी धरून ठेवणाऱ्या लोखंडी क्लिपा असतात, त्यातली कुठली ढिली झाली, कुठली निसटली ते बघायचं आणि हातोड्याने ठोकून बसवायची. घर मूळचं वलवणच्या धरणापलीकडे डोंगरावरच्या एका वाडीत. वाडीतून रेल्वेत लागलेला तो पहिलाच.

रेल्वेच्या टोळीतल्या पोरांच्या मोबाइलवर त्याने रॅप ऐकलं आणि त्याला वाटलं, हे तर आपण रोज चालता चालता करतो. त्याला साधं बोलताना चार वाक्यं सरळ लक्षात राहत नसत. ठेक्यावर बसलं की मात्र पन्नास मिनिटांची अख्खी गोष्ट तोंडपाठ. पण ठेका यायचा तो पायातून. उभं राहून त्याला एक ओळ म्हणता येईना. पहिले दोन मंगळवार (मंगळवारी त्याची सुट्टी असे) मी त्याला माइकसमोर उभं करून पाहिलं, आणि तो परीक्षेला बसलेल्या पोरासारखा छताकडे बघत राहिला. तिसऱ्या मंगळवारी तो दोन फळ्या घेऊन आला. वितीने दोन स्लीपरांमधलं अंतर मोजून त्याने त्या जमिनीवर मांडल्या आणि ह्या फळीवरून त्या फळीवर जायला लागला. जीभ अशी सुटली की विचारू नका. मला माइक छताला टांगावा लागला.

त्याला ‘गाणं’ म्हटलेलं चालत नसे. टप्पा म्हणायचं. ‘अल्बम’ म्हटलेलंही फारसं आवडत नसे, गोष्ट म्हणायचं. ठेक्यासाठी मी म्हटलं, रुळाचा एखादा भंगार तुकडा घेऊन ये, मस्त घुमेल. तर मी जणू त्याला दरोडा घालायला सांगितला. “सरकारी लोखंड हाय त्ये, मावशी.” शेवटी शेजारच्यांची पहार दोरीला टांगून आम्ही तिच्यावर हातोडा मारला. अल्बमभर ऐकू येते ती हीच पहार.

माझं घर स्टेशनला लागून, त्यामुळे गाडी आली की थांबायचं हा माझा नियम. तो थांबत नसे. “मालगाडी हाय, जाऊ द्या. तिकडं गोष्टीतली बाई बी घाट उतरतीय,” म्हणून पुढे चालू. सुरू झालेली गोष्ट कशासाठीही थांबवायची नाही. माझा मोबाइल एकदा मधेच वाजला, तेव्हा त्याने तो उचलून माझ्या स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यात खुपसला आणि झाकण लावलं. तेव्हापासून दर मंगळवारी तो आला की आधी मोबाइल डब्यात. माझ्या नवऱ्याने एकदा भात लावायला डबा उघडला आणि आतून मुलीचा फोन आला.

आणि हुंकार. हे मात्र नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

त्याच्या वाडीत गोष्ट सांगताना समोरच्याने ‘हूं’ म्हणत राहायचं असतं. हूं थांबला की सांगणारा थांबतो. ऐकणारा झोपला किंवा त्याचं मन दुसरीकडे गेलं असं समजायचं. तेव्हा मी काचेपलीकडून बटणं फिरवायची आणि दर दोन ओळींनंतर माइकमध्ये ‘हूं’ही म्हणायचं, असं ठरलं. पुढे ते हूं तसेच अल्बममध्ये ठेवायचे. तीस वर्षांत मला स्वतःला कुणी रेकॉर्ड केलं नव्हतं, त्यामुळे मी खूश होते.

गोष्ट अशी होती. डोंगरावरच्या एका वाडीतल्या सगळ्या चुली एकदम विझतात. काड्यापेटी नव्हती तेव्हाची गोष्ट. एक बाई विस्तव आणायला खालच्या गावी उतरते. तिला मिळतात आठ निखारे. वाडीच्या बोलीत इंगळ. ते खापरात घालून, वर राख पसरून ती परत निघते. वाटेत जो भेटतो तो विस्तव मागतो. कुडकुडणारा गुराखी, लग्नघरची चूल, लोहाराचा भाता, एक आंधळी म्हातारी. तिसऱ्यापासून प्रत्येक टप्प्याला एक इंगळ कमी होतो.

“आठ इंगळ खापरात, वर राखंची चादर,
वारा म्हनतो दे मला, बाई म्हनती, जा मर!”

हे त्याचं फळ्यांवरून चालू असताना मी एका डोळ्याने आवाजाची सुई बघत होते, एका हाताने पहारीचा आवाज वर-खाली करत होते, आणि हूं म्हणत होते. दहाएक मंगळवार असे गेले असतील. एकदा तो मधेच थांबला. तो कधीही न थांबणारा माणूस.

“मावशी, बाई विमानात बसली.”

“कोण बाई?” मी म्हटलं.

“आत्ताच म्हनलो, बाईनं खापर खाली ठिवलं आन पुन्याहून विमान पकडलं. तुमी हूं म्हनला.”

मी हसून वेळ मारून नेली. तोही हसला. पण जाताना पायरीवर बूट चढवताना म्हणाला, “तुमी आवाज ऐकताय मावशी. गोष्ट न्हाई ऐकत.” मला राग आला. माझ्याच घरी येऊन, माझ्याच कानाला! मी मनात म्हटलं, पाणी प्यायला उठणाऱ्या बायका ओळखतोस म्हणून फार शहाणा झालास.

दहाव्या टप्प्याला गोष्ट एका विचित्र जागी तुटायची. बाईकडे एकच इंगळ उरलेला. वाडीची शीव आलेली. आणि शिवेवर दुसरी एक बाई बसलेली, अंगावर तान्हं पोर, पोर गारठून निळं पडलेलं. ती म्हणते, दे. इकडे वाडीतल्या सगळ्या चुली थंड, तिकडे हे पोर. बस्स, इथे संपलं. मी म्हटलं, अकरावा टप्पा कुठाय?

“आबाकडं,” तो म्हणाला.

आबा म्हणजे त्याचे वडील. वाडीतले गोष्टी सांगणारे. ही गोष्ट त्यांना त्यांच्या आत्याने सांगितलेली, आणि ती आता त्यांच्याखेरीज कुणालाच येत नाही. बारा वर्षांपूर्वी आबा ती ह्याला सांगत होते. ऐकायला हा एकटाच. नेमकी बाई शिवेवर पोचली आणि ह्याचा फोन वाजला. रेल्वेच्या भरतीचा निकाल लागला होता. वाडीत आवाज नीट येईना, म्हणून हा उठून पळत वरच्या टेपावर, उंचवट्यावर गेला. परत आला तो नाचतच आला, आणि म्हणाला, आबा, पुढं? आबांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला, गूळ दिला, आणि म्हणाले, “गोष्ट मोडली तुजी.”

वाडीचा रिवाज असा: जो मधनं उठतो तो गोष्ट मोडतो. मग मोडणाऱ्याने ती पहिल्यापासून मोडली तिथवर, एकही सांधा न चुकता, सांगणाऱ्याला परत सांगायची. ती जुळली तर सांगणारा पुढचं सांगतो, नाहीतर नाही. लहानपणी हे दुसऱ्या दिवशीच उरकून जायचं. पण ही गोष्ट लांब, आणि ह्याला साधं बोलून काही लक्षात राहत नाही. दोनदा प्रयत्न केला. एकदा लग्नघर विसरला, एकदा इंगळ मोजताना चुकला. दोन्ही वेळा आबा हसून म्हणाले, “न्हाई.” भांडण वगैरे काही नाही. बाप-लेक एका ताटात जेवायचे. आबा मधूनमधून त्याला विचारायचे, “बाई कुटं थांबलीय, ठाव हाय न्हवं?” आणि हा मान खाली घालायचा.

“आन आता आबा ऐंशीच्या पल्याड. दमा हाय. चालताना थांबावं लागतं,” तो म्हणाला. “आबा गेला की बाई तितंच. शिवंवर. कायमची.”

तेव्हा मला कळलं की हा सगळा खटाटोप लोकांसाठी नव्हताच. तो आबांना गोष्ट परत सांगत होता. फळ्यांवर कधीही न डगमगणाऱ्या ह्या माणसाचं तोंड आबांसमोर कोरडं पडायचं. म्हणून त्याने यंत्राचा आधार घेतला होता. यंत्र काही विसरत नाही. आबांनी शेवट सांगितला की तो जसाच्या तसा भरायचा. अकरावा टप्पा, आबांच्या आवाजात.

मी सहज म्हटलं, “अरे, एवढी गोष्ट केलीस, शेवटही तूच रच की.”

त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. “मावशी, मी कीमॅन हाय. जागंवर क्लिप न्हाई दिसली, तर हाय म्हनून लिव्हू का मनानं?”

ह्या माणसाला लोकांसमोर म्हणायचा मोह पडला नाही असं नाही, पण पडला तरी फार वेळ टिकला नाही. लोणावळ्याच्या एका हॉटेलात शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी त्याला बोलावलं होतं. आठ मिनिटं द्या म्हणाले. ह्याने पन्नास मागितली आणि वर अट घातली, मधनं उठायचं न्हाई. मॅनेजर हो म्हणाला, कारण त्याला वाटलं ही काहीतरी स्टाइल आहे. तिसऱ्या टप्प्याला दोघेजण प्लेट भरायला उठले. ह्याने माइक खाली ठेवला, शांतपणे म्हणाला, “तुमी जेवा सावकाश. आमची बाई थांबती,” आणि फळ्या काखेत मारून निघाला. मॅनेजर मागे पळत आला. मी विचारलं, वाईट नाही वाटलं? “वाईट काय? जाताना गुलाबजाम खाल्लं दोन. झ्याक व्हतं.”

अकरा महिन्यांनी दहा टप्पे भरून झाले. तो कधीच स्वतःचा आवाज ऐकायचा नाही. ‘मी म्हनलोय त्ये मला ठावं हाय,’ असं त्याचं म्हणणं. त्यामुळे शेवटची जुळणी माझी एकटीची. आणि इथे मी माती खाल्ली.

सहावा टप्पा आंधळ्या म्हातारीचा. संथ, हळू, पहार जवळजवळ नाहीच. सातवा ओढ्याचा, त्यात पाणी उसळतंय, एक इंगळ पाण्यात पडतो, नुसता धुमाकूळ. मला वाटलं, पाचव्यानंतर लगेच म्हातारी आली की गोष्ट खाली बसते. आधी ओढा येऊ दे, मग म्हातारी. तीस वर्षं हेच करत आले ना! भजनांचा क्रम मी लावते, संमेलनाच्या नाचांचा क्रम मी लावते, आणि कुणी कधी तक्रार केलेली नाही. मी सहा आणि सात यांची अदलाबदल केली. त्याला सांगितलं नाही. वाटलं, ऐकेल तेव्हा खूश होईल. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी तो किती इंगळ उरले ते म्हणतो, हे माझ्या कानावर शंभरदा पडलेलं होतं. पडलेलंच फक्त.

त्या मंगळवारी आम्ही वलवणच्या धरणापर्यंत रिक्षाने गेलो आणि पुढे चढायला लागलो. थंडीचे दिवस, गवत पिवळं पडलेलं. स्पीकर त्याने चुंबळ करून डोक्यावर घेतला होता आणि माझ्याकडे छोटा रेकॉर्डर. माझे गुडघे बोलत होते. तो मागे वळून म्हणायचा, “स्लीपर मोजत चला मावशी, चढ कळत न्हाई.” स्लीपर कुठले, दगड होते. मी दगड मोजले. खरंच कळला नाही चढ, तेवढ्यापुरता.

आबा दारातल्या धोंड्यावर बसून कोयत्याने बांबूच्या कामट्या काढत होते. लहानखुरे, डोक्याला मुंडासं, श्वास घेताना छातीतून बारीक शिट्टी. ह्याने स्पीकर ठेवला आणि म्हणाला, “आबा, गोष्ट आनलीय. मोडल्याली.”

“दिवसाढवळ्या?” आबा म्हणाले. “दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो.”

“माजा मामा पनवेलला रिक्षा चालवतो आबा. मोबाइलमधी नकाशा हाय त्याच्या.”

आबा हसले, हसता हसता खोकले. मग त्यांनी आठ कामट्या निवडल्या आणि समोर जमिनीवर ओळीने मांडल्या. आठ इंगळ. माझी चूक तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवी होती. आली नाही. मी दिमाखात बटण दाबलं.

स्पीकरमधून पहार वाजली. आबांनी भुवया उंचावल्या, पण ऐकत राहिले. बाई डोंगर उतरली. बाईला विस्तव मिळाला. गुराखी आला, आबांनी एक कामटी बाजूला केली. लग्नघर आलं, आबांनी हळूच मान हलवली आणि दुसरी. हा माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसला; मागे हेच तो विसरला होता. लोहार, तिसरी. पाच उरल्या. मग ओढा आला, पाणी उसळलं, आणि शेवटी स्पीकर म्हणाला, तीन उरले.

आबांचा हात कामट्यांवर थांबला. समोर पाच होत्या. त्यांनी एक बाजूला केली आणि वाट पाहिली. पुढे म्हातारी आली, आणि स्पीकर म्हणाला, चार उरले.

आबांनी हात वर केला. मी बंद केलं.

“तीनाचं चार?” आबा म्हणाले. “इंगळ व्याला का वाटंत?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आणि तेच जास्त लागलं. त्याला क्षणात कळलं होतं. त्याचा चेहरा मात्र तोच झाला होता, पहिल्या दोन मंगळवारचा. छताकडे बघणारा, तोंड कोरडं पडलेला. मला एवढी शरम आयुष्यात वाटलेली नाही.

“आबा, चूक माझी आहे,” मी म्हटलं. “त्याने बरोबर सांगितलं होतं. मी मागचं पुढे केलं.”

“तुमी कोन बाई?”

“मी... हुंकार देणारी.”

आबांनी मला नीट न्याहाळलं. “मंग ऐकायचं व्हतं,” ते म्हणाले. आणि त्याच्याकडे वळून, सहज, जेवायला वाढ म्हणावं तसं, “पयल्यापासनं.”

यंत्र आताही पुन्हा लावता आलं असतं. क्रम सरळ करायला मला पाच मिनिटं पुरली असती, आणि मी तसं म्हणालेही. तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. ऱ्हाऊ द्या मावशी.” मग तो आबांसमोर उभा राहिला आणि काहीच झालं नाही. ओठ हलले, आवाज नाही. आबा वाट बघत होते, छातीतली शिट्टी वाजत होती. मला काय सुचलं कोण जाणे, मी उठले, आबांच्या बाजूला पडलेले दोन जाड बांबू ओढत आणले आणि अंगणात टाकले. बघत राहिले, अंतर बरोबर आहे का. अकरा महिने त्या फळ्या मी झाडल्या होत्या, तेवढं अंतर मला पाठ होतं. मग पाण्याचा रिकामा हंडा पालथा घेऊन त्याच्यावर हात मारला. त्याने बांबूवर पाय ठेवला. दुसऱ्यावर ठेवला. आणि बाई डोंगर उतरायला लागली.

त्या दिवशी ती गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. माझ्याच खोलीत शंभरदा वाजलेली. बाईचे हात भाजतात, ती खापर ह्या हातातून त्या हातात घेते, हे सगळं त्यात होतं. म्हातारी इंगळ घेताना विचारते, ‘किती ऱ्हायले तुला?’ आणि बाई खोटं बोलते, ‘लय हायेत.’ मी ह्या जागी कधी काळी पहारीचा आवाज दोन घरं कमी केला होता. आता मी म्हातारीपाशीच अडकले आणि हूं द्यायचा राहिला, तर तो शेजारून आला. आबांचा.

मग पुढचे हूं आम्ही दोघांनी दिले. कामट्या तीन झाल्या, दोन झाल्या, एक झाली. त्याला घाम फुटला होता, पाय थांबत नव्हते.

“एक इंगळ, एक बाई, शीव लागली पायाला,
म्होरं बसली दुसरी बाई, पोर धरून उराला,
ती म्हनली दे गं, आन फोन माझा, आन मी उठलो,
बारा वर्सं तीच शीव, मी तितंच हाय थटलो.”

हंडा थांबला. अंगणात एक कोंबडी तेवढी चालत होती. आबांनी उरलेली कामटी उचलली, बोटांत फिरवली.

“बस खाली,” ते म्हणाले.

तो बसला.

“तर मंग,” आबा म्हणाले, “त्या बाईनं काय केलं...”

आणि त्यांनी शेवट सांगितला. दोनदा दम लागला, दोनदा थांबले. तो हलला नाही. हूं मात्र देत राहिला. संपल्यावर आबांनी ती कामटी त्याच्या हातात दिली आणि पुन्हा कोयता घेतला.

उतरताना निम्म्या वाटेत माझ्या लक्षात आलं. रेकॉर्डर माझ्या पिशवीत होता. बंद. तीस वर्षांत मी बटण दाबायला विसरले नव्हते, आणि विसरले ती नेमकी आत्ता. मी दगडावर बसलेच. त्याला सांगितलं. वाटलं, आता हा बोलणार, आणि त्याने बोलावंच.

“तुमी ऐकला का पन?” त्याने विचारलं.

“ऐकला.”

“समदा?”

“सगळा.”

“मंग झालं की,” म्हणाला आणि स्पीकर डोक्यावर घेऊन चालायला लागला.

‘आठ इंगळ’ आता इंटरनेटवर आहे. टप्पे सुटे करायला त्याने परवानगी दिली नाही, एकच सलग पन्नास मिनिटं आहेत, आणि क्रम बरोबर आहे, हे सांगायला नको. ऐकणारे खूप नाहीत, पण जे आहेत ते चिवट आहेत. खाली सगळे एकच विचारतात, पुढे काय झालं? त्या बाईने इंगळ दिला की नाही? प्रत्येकाला त्याचं एकच उत्तर असतं: मंगळवारी वाडीवर या, मधनं उठायचं न्हाई. मलाही लोक गाठून विचारतात. मला माहीत आहे. मी सांगणार नाही. तुम्हालाही नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर आबा गेले. तेरावं उरकून तो माझ्याकडे आला, पायरीवर बसला, रडला, आणि मग त्याने विचारलं, पुढच्या मंगळवारी मोकळ्या हाय का.

लोक येतात. परवाच्या मंगळवारी सहाजण होते, त्यात पुण्याची एक मुलगी आणि नगरहून आलेले एक रिटायर मास्तर. आबांच्या घरी तांदळाचा डबा आहे. सगळ्यांचे मोबाइल आधी त्यात. आठ कामट्या मांडल्या. हंडा माझ्याकडे. अंगणात तेच दोन बांबू, आणि त्यांच्यावर तो, पहिल्यापासून दहाव्यापर्यंत चालत. शिवेवर बाई पोचली, दुसरी बाई म्हणाली, दे. तिथे तो बांबूवरून खाली उतरला, आबांच्या धोंड्यावर जाऊन बसला, उरलेली कामटी हातात घेतली, आणि ठेका नाही, चाल नाही, नुसतं बोलत म्हणाला, “तर मंग, त्या बाईनं काय केलं...” एक शब्द अडला नाही. अकरावा टप्पा तो नेहमी असाच सांगतो.

लोक गेल्यावर मी त्याला विचारलं. चार वाक्यं तुला ठेक्यावाचून लक्षात राहत नाहीत, आणि हा एवढा मोठा टप्पा बसून कसा सांगतोस? तोही एकदाच ऐकलेला?

तो कामट्या गोळा करत होता. मोजून आठ झाल्या तसा म्हणाला, “त्ये धा मी पाठ केल्यात, मावशी. ह्यो ऐकलाय.”